ब्लॅकच्या तिकिटाची तक्रार: कुठे चालते, कुठे नाही

मैफलीचं तिकीट कुणी तिप्पट भावाने विकलं, एवढ्याच मुद्द्यावर तक्रार फारशी पुढे सरकत नाही. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या २०२४ मधल्या तिकीटविक्रीनंतर ऑनलाइन काळ्याबाजारावर नियम आणावेत, अशी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली होती. हा धोरणाचा विषय आहे, असं म्हणत न्यायालयाने ती जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. म्हणून भावाचा राग बाजूला ठेवा आणि कायद्याच्या हाती लागेल असा मुद्दा शोधा.

कन्व्हिनियन्स फी, म्हणजे ऑनलाइन बुकिंगसाठी तिकिटावर वेगळी लागणारी फी, हा तसा मुद्दा नाही. चित्रपटगृहांना ऑनलाइन तिकिटावर ती घेण्यास मनाई करणारे राज्य शासनाचे २०१३ आणि २०१४ चे आदेश उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये रद्द केले. फी लपवली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. आधी कमी भाव दाखवून शेवटच्या पानावर तो वाढवणं, न विचारता देणगी किंवा विम्यावर टिक करून ठेवणं, हे प्रकार केंद्राच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’ (ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन युक्त्या) मार्गदर्शक सूचनांत बसतात. स्क्रीनशॉट तीनदा घ्या: भाव पहिल्यांदा दिसतो तेव्हा, सीट निवडल्यावर आणि पैसे भरण्याआधी. नुसता शेवटचा असेल तर तक्रार लंगडी पडते. भाव मध्येच वाढला हे त्यातून दिसतच नाही.

बिलातला करही बघा. नाटकाचं किंवा मैफलीचं ५०० रुपयांपर्यंतचं तिकीट जीएसटीमुक्त असतं. बुकिंग फीवर मात्र १८ टक्के लागतोच, तेव्हा ४०० च्या तिकिटाच्या बिलात चार-पाच रुपये कर दिसला तर लगेच भांडायला जाऊ नका.

दुसऱ्याकडून तिकीट घ्यायचंच असेल तर आधी आयोजकाच्या अटींत ते हस्तांतरित होतं का ते वाचा. अ‍ॅपमधूनच तुमच्या खात्यावर येत असेल तरच पैसे द्या. क्यूआर कोडचा फोटो कधीही घेऊ नका. तोच फोटो पाच जणांना विकता येतो. गेटवर पहिला स्कॅन झाला की उरलेले चौघे बाहेर.

फसलात तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. इथे तासांचा हिशेब असतो: पैसे पुढच्या खात्यांत पांगले की गोठवणं अवघड.

विक्रेती कंपनी असेल, कार्यक्रम रद्द होऊनही परतावा अडला असेल, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे नाही सुटलं तर ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोग. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो, मुदत २ वर्षं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अनोळखी विक्रेत्यामागे मात्र आयोगात जाण्यात अर्थ नाही, ते पोलिसांचं काम. आणि तिकिटं नफ्याने विकण्यासाठीच उचलली असतील, तर ग्राहक म्हणून दाद मिळण्याची आशा धरू नका.