आजीचं ‘माकडायचं कॉलेज’ आणि माझी बंदराची नोकरी

बंदर व्यवस्थापन शिकायला मुंबईला जातो म्हणून घरी सांगितलं, तर आजी सुपातली तूर पाखडता पाखडता थांबली. “काऊन रे, आता माकडायचंही कॉलेज निघालं काय?” आमच्या हिंगणघाटकडच्या बोलीत हिंदी एवढी मिसळली आहे की बंदर म्हटलं की आधी शेपूटच आठवते. सगळे हसले. मीही हसलो, पण माझी समज तरी आजीच्या किती पुढे होती? समुद्र, जहाज, क्रेन. संपलं.

आता गावाकडची पोरं फोन करून विचारतात, “भाऊ, आपल्याकडं समुद्र नाही, मग या लाइनीत आपलं काय काम?” त्यांना मी माझी पहिली मोठी चूक सांगतो.

शिकून परत आलो आणि नागपुरात कस्टमची कामं करणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये लागलो. कापसाच्या गाठी बांगलादेशला जायच्या होत्या. चाळीस फुटी डबे, म्हणजे कंटेनर, आयसीडीत (समुद्रापासून लांब असलेल्या कंटेनर डेपोत) भरले, कस्टमची मंजुरी तिथंच झाली, सील लागलं. इथून माल रेल्वेनं मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदराला जाणार आणि तिथून जहाजात. जहाजावर चढण्याआधी प्रत्येक भरल्या डब्याचं तपासलेलं वजन कळवावं लागतं. १ जुलै २०१६ पासून जगभर हा नियम आहे, कारण खोट्या वजनानं जहाजाचा तोल जातो. मी गाठींचं वजन लिहिलं आणि डब्याचं स्वतःचं, चार टनांच्या आसपासचं, धरायचंच विसरलो. आकडा जुळेना, दुरुस्ती करेपर्यंत बंदरावरची कट-ऑफ, म्हणजे डबे घ्यायची शेवटची वेळ टळली. जहाज गेलं. पुढचं आठवड्यानं. तोवर डबे यार्डात पडून, भाडं चढतंय, आणि लेटर ऑफ क्रेडिटमधली (खरेदीदाराच्या बँकेनं पैशाची हमी दिलेल्या पत्रातली) माल चढवायची शेवटची तारीखही उलटून गेली. खरेदीदारानं तेच कारण पुढे करून भाव पाडून मागितला. मालकानं मला कामावरून काढलं नाही, पण दोन महिने माझ्याशी नीट बोललाही नाही.

त्या आठवड्यात जे कळलं ते वर्गात कळलं नव्हतं. बंदर म्हणजे मुळात वाट पाहण्याचा हिशेब आहे. जहाज बर्थची (धक्क्यावर लागायच्या जागेची), डबा जहाजाची आणि मालगाडी यार्डाची वाट पाहते, आणि त्या प्रत्येक तासाचे पैसे कोणाच्या तरी खिशातून जातात. आमच्याकडं ते शेवटी कापसाच्या भावातूनच वळते होतात. फक्त पट्टीवर तसं लिहिलेलं नसतं.

नवख्यांना सगळ्यात जड जातं ते बंदर कोण चालवतं हे. मी ते बटईच्या भाषेत समजावतो. शेत मालकाचं, नांगर-बैल बटईदाराचे, उत्पन्नात दोघांचा वाटा. जवाहरलाल नेहरू बंदर, म्हणजेच आपलं न्हावाशेवा, २६ मे १९८९ ला सुरू झालं आणि १९९९ मध्ये तिथं देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल चालू झालं. जमीन आणि जहाजाची वाट बंदर प्राधिकरणाची, क्रेन आणि हाताळणी खासगी कंपनीची. ती वाट गाळ काढून खोल ठेवणं हे मालकाचं काम. खोली कमी पडली की मोठं जहाज येत नाही, आणि जहाज जेवढं मोठं तेवढा दर डब्यामागचा खर्च कमी. म्हणून तर पालघर जिल्ह्यात वाढवणला सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली आहे याचं एवढं मोल. तिथल्या नव्या बंदराचा ७६ हजार कोटींहून मोठा प्रकल्प, पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. तिथल्या मच्छीमारांचा विरोध मात्र जुना आहे, आणि तो प्रश्न व्यवस्थापनाच्या बाहेरचा मानणारे मॅनेजर मला कच्चे वाटतात.

आपल्या भागाची गंमत अशी की दोन्ही किनारे लांब, म्हणून निवड करता येते. कापूस पश्चिमेकडं, गोंदियाचा तांदूळ मात्र पूर्वेकडं, काकीनाडा किंवा विशाखापट्टणमला. अंतरापेक्षा त्या देशाला जहाज कुठून सुटतं आणि रिकामा डबा कुठं मिळतो हे बघावं लागतं. हंगामात रिकाम्या डब्यांसाठी मी अक्षरशः हातापाया पडलो आहे. आणि कधी कधी हे सगळं जुळवूनही उपयोग नसतो: २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली, ती २८ सप्टेंबर २०२४ ला उघडली.

शिक्षणाचं थोडक्यात. इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी २००८ ची, तिची प्रवेश परीक्षा असते आणि बंदर-शिपिंग व्यवस्थापनाचं एमबीएही आहे. पैशाची अडचण असेल तर साध्या बी.कॉम.वर कस्टम ब्रोकरकडं (व्यापाऱ्यांची कस्टमची कामं करून देणाऱ्याकडं) लागा आणि जी कार्डाची, म्हणजे ब्रोकरच्या माणसाला कस्टममध्ये काम करू देणाऱ्या कार्डाची परीक्षा द्या. पगार सुरुवातीला लाज वाटावी एवढाच असतो, पण कागद हाताखालून जातात. शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टमला द्यायचा कागद) आणि बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीनं दिलेली मालाची पावती) यातला फरक ज्याला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो, त्याला न्हावाशेवातही काम मिळतं.

आणि मुंबईला जाण्याआधी एकदा जवळच्या जिनिंगवर जा. गाठी कुठल्या बंदरातून जातात, तिथूनच का, आणि मागच्या हंगामात किती दिवस अडकल्या, एवढं मुनीमजीला विचारा. चहा पाजतील, आणि तिसऱ्या प्रश्नावर तासभर सोडणार नाहीत.