ग्वाल्हेरचा किल्ला हेलिकॉप्टरमधून टिपताना

एखाद्या हॉटेलासाठी किंवा पर्यटनाच्या जाहिरातीसाठी ग्वाल्हेरच्या किल्ल्याची आकाशातून छायाचित्रे घेण्याचे काम मिळाले, की सुरुवात परवानगीपासून करावी. विमान नियम, १९३७ मधील तेराव्या नियमाप्रमाणे उडत्या विमानातून छायाचित्र घेण्यास नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, परवानगी लागते, आणि हेलिकॉप्टरही त्यातच मोडते. शिवाय ग्वाल्हेरचा महाराजपुऱ्याचा विमानतळ हवाई दलाचा असून नागरी विमानेही तेथेच उतरतात, त्यामुळे ठरलेली वेळ ऐनवेळी पुढे जाऊ शकते. ग्राहकाला एकच तारीख देऊ नये. सकाळच्या दोन राखीव वेळा करारातच लिहून घ्याव्यात.

सकाळच का, हे किल्ल्यानेच ठरवले आहे. राजा मानसिंह तोमराने बांधलेल्या मानमंदिर या राजवाड्याची कड्यावरची बाहेरची भिंत पूर्वेकडे तोंड करून उभी आहे, आणि तिच्यावरच्या निळ्या फरशा उगवत्या सूर्याच्या तिरप्या उजेडात जशा उठून दिसतात तशा दुपारनंतरच्या सावलीत दिसत नाहीत. आपण ग्वाल्हेर शहराच्या लष्कर या भागातली माणसे हा किल्ला लहानपणापासून दक्षिणेकडून पाहत आलो आहोत, म्हणून संध्याकाळचा उजेडच योग्य वाटण्याची चूक आपल्याकडून सहज होते. पाऊस संपून धूळ खाली बसलेली असते तो ऑक्टोबर मला सर्वांत चांगला वाटतो. डिसेंबर-जानेवारीत धुके आड येते, तर मे महिन्याच्या तापलेल्या, विरळ हवेत हेलिकॉप्टरची उचलण्याची ताकद कमी होते.

वैमानिकाशी बोलणे जमिनीवरच, नकाशा समोर ठेवून पुरे करावे. बहुतेक हेलिकॉप्टरांत वैमानिक उजवीकडे बसतो. छायाचित्रकाराने त्याच्याच मागे, त्याच बाजूला बसावे, म्हणजे दोघांना एकच दृश्य दिसते आणि किल्ल्याला उजवीकडे ठेवून फेरी घेता येते. उंची सांगताना ती कोठून मोजायची, हेही सांगावे. टेकडी शहराच्या सपाटीपासून सुमारे ३०० फूट उंच आहे; शहरापासून ५०० फूट म्हटले, तर किल्ल्याच्या माथ्यावर जेमतेम २०० फूट उरतात. हेलिकॉप्टर एका जागी तरंगत ठेवण्याचा आग्रह कधीही धरू नये, कारण कमी उंचीवर, वेग नसताना इंजिन बंद पडले, तर सुखरूप उतरण्यास पुरेसा अवधी मिळत नाही. संथ गतीने पुढे सरकत घेतलेल्या फेऱ्या अधिक सुरक्षित असतात आणि चित्रेही त्यातच चांगली मिळतात.

खिडकीच्या प्लॅस्टिकमधून घेतलेले चित्र मोठे छापले की मऊ, म्हणजे कडा अस्पष्ट असलेले, दिसते, आणि लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, लावला तर त्यावर इंद्रधनुषी पट्टे उमटतात. म्हणून व्यावसायिक काम दार काढूनच करावे. मात्र त्यासाठी अंगावर हार्नेस हवा आणि त्याचा पट्टा हेलिकॉप्टरच्या सांगाड्याला बांधलेला हवा. लेन्स हूड, टोपी, सुटे कार्ड यांपैकी काहीही मोकळे ठेवू नये, कारण बाहेर उडालेली वस्तू शेपटीच्या पंख्यात जाऊ शकते. हवेत लेन्स बदलण्यापेक्षा २४-७० आणि ७०-२०० मिमीच्या लेन्स लावलेले दोन कॅमेरे पट्ट्याने अंगाशी बांधून न्यावेत.

शटर १/१००० सेकंदापेक्षा संथ नसावा. लांब लेन्सला १/२००० ठेवावा आणि गरज पडल्यास आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवावा. सर्व काही दूर असल्याने लेन्सचे छिद्र (ॲपर्चर) एफ ५.६ पुरते. कोपर किंवा पाठ दाराच्या चौकटीला टेकवली, की यंत्राची थरथर थेट कॅमेऱ्यात उतरते, तेव्हा कंबरेपासून वरचे अंग सुटे ठेवावे. पहिल्या फेरीनंतर एखादे चित्र पूर्ण मोठे करून तपासावे. हलल्याचा दोष जमिनीवर आल्यावर लक्षात आला, तर सारा खर्च वाया जातो.

उतरल्यावर वैमानिकाने खूण केल्याशिवाय पट्टा सोडू नये, आणि बाहेर पडल्यावर वाकून, त्याच्या नजरेसमोरून पुढच्या बाजूनेच दूर जावे. फिरत असताना शेपटीचा पंखा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही.