"दारात सुखरूप पोचवून देऊ" हे वाक्य मी लिहिलं होतं

बुटीबोरीला खोक्यांच्या कंपनीत लागले तेव्हा कोटेशन, ऑर्डर, टर्म्स (म्हणजे विक्रीच्या अटी) सगळं माझ्याकडे आलं. जुन्या टर्म्स कोणी वाचतच नव्हतं, म्हणून मी त्या सोप्या करायला घेतल्या. ते काम चांगलंच होतं, आजही म्हणते.

घात एका वाक्याने केला. जुन्यात होतं की माल ट्रान्सपोर्टरच्या ताब्यात दिला की डिलिव्हरी पूर्ण, पुढची जोखीम खरेदीदाराची. मला वाटलं गिऱ्हाईक बिचकेल, म्हणून त्याजागी लिहिलं, "माल तुमच्या दारात सुखरूप पोचवून देऊ." जुलैत अकोल्याला गाडी गेली, ताडपत्री फाटकी, वरच्या दोन थरांच्या खोक्यांचे हात लावताच पापुद्रे सुटत होते. पार्टीने माझ्याच वाक्याचा फोटो काढून पाठवला.

हे नीट समजून घ्या. 1930 च्या सेल ऑफ गुड्स ॲक्टचं कलम 39 सांगतं की माल पाठवायचं ठरलं असेल तर ट्रान्सपोर्टरला दिला म्हणजे सहसा खरेदीदाराला दिलाच असं धरतात, पण "सहसा", म्हणजे दोघांत वेगळं ठरलं असेल तर ते चालतं, आणि मी "दारात" लिहून वेगळं ठरवूनच दिलं होतं नं! कायद्याने दिलेला आधार मी स्वतःच्या हाताने काढला.

आता तिथे असं आहे (बिल्टी म्हणजे ट्रान्सपोर्टरने माल घेतल्याची पावती): "गाडी भरून बिल्टी झाली की डिलिव्हरी झाली. त्यानंतर वाटेत माल भिजला, फुटला तर नुकसान तुमचं. विमा हवा असेल तर ऑर्डर देतानाच सांगा." जुन्याइतकंच पक्कं आणि कोणालाही कळणारं. शब्द बिनधास्त सोपे करा, पण कोणी, कधीपासून, कुठपर्यंत यातलं काही गाळू नका. "45 दिवसांत पेमेंट" लिहिता तर कोणत्या तारखेपासून तेही लिहा.

नेटवरून फॉरमॅट उचलू नका, अजिबात नाही. मी पाहिलेल्या एकात इंग्लंडचा कायदा लागू राहील असं तसंच राहिलं होतं.

वकील लागतातच, पण मला खरं शिकवलं ते डिस्पॅचच्या दादांनी. नवीन टर्म्स आधी त्यांना वाचायला देते आणि विचारते, "वर्ध्याजवळ गाडी उलटली तर पैसे कोणाचे गेले?" ते अडखळले की वाक्य परत लिहायला घेते. पहिल्या वर्षी चार-चारदा लिहावं लागेल, घाबरू नका, मलाही लागलं. गेल्या आठवड्यात ते पहिल्याच वाचनात म्हणाले, "पार्टीचे गेले, बिल्टी झाली होती."