वणवा वाडीत शिरू नये म्हणून या चुका टाळा

कोकणात वणव्याची बैठक बसते ती शिमग्याला. चाकरमानी आलेले असतात, सगळे एका जागी भेटतात, म्हणून तीच वेळ सोयीची वाटते. पण तोवर सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, गवत कडकडीत वाळून महिने झालेले असतात. वन विभाग आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतो आणि आपल्या जाळरेषा, म्हणजे आग अडावी म्हणून गवत आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे, त्याआधी उरकायला बघतो. आपण मात्र मार्चमध्ये ठराव करतो, एप्रिलमध्ये वर्गणी काढतो आणि मे महिन्यात पंचनाम्याला उभे राहतो. भात झोडून झालं की लगेच, दिवाळी ते मार्गशीर्ष, हे काम झालं पाहिजे. तेव्हा गवत अर्धवट ओलं असतं, विळ्याखाली नीट येतं, माणसंही मोकळी असतात. पुढचं सगळं ही वेळ पाळली तरच उपयोगाचं आहे.

ऊन चढल्यावर जाळपट्टा काढणे

ही चूक मी इतक्या वाड्यांत पाहिली आहे की आता राग येतो. आपल्या किनारपट्टीत रात्री आणि सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. ऊन तापलं की तो पडतो आणि खारा वारा उलट्या दिशेने सुटतो. दुपारनंतर तो चांगलाच जोर धरतो. सकाळी जी आग बागेपासून लांब पळत होती, तीच दुपारी बागेकडे तोंड फिरवते.

शेजारच्या एका वाडीत हेच झालं. फेब्रुवारी संपत आला होता, घरात लग्न होतं, जाळपट्टा राहून गेला होता. सकाळी दवामुळे गवत धड पेटेना. मग ‘ऊन येऊ दे, भराभर जळेल’ म्हणत साडेअकराच्या सुमारास पुन्हा काडी लावली. अर्धा पट्टा झालाही भराभर. मग वारा फिरला आणि आग काजूखालच्या पातेऱ्यात, वाळक्या पानांच्या थरात, शिरली. तिथून वर चढ होता आणि चढावर हापूसची कलमं. उतार दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, हे लक्षात घ्या. आम्ही ओरडा ऐकून धावलो तेव्हा ती मांगरापर्यंत, म्हणजे बागेतल्या झोपडीपर्यंत, गेली होती. मांगर गेला, ठिबकच्या नळ्या गेल्या. जी कलमं जळाली नव्हती त्यांचीही एका बाजूची पानं चार दिवसांत करपून तांबूस झाली आणि सुपारीएवढी झालेली फळं गळून खाली पडली. बुंध्याची साल धगीने भाजली की झाड वरून हिरवं दिसलं तरी फसवतं.

गवत पेटत नाही म्हणून वैतागणाऱ्या नवशिक्यांना माझं एकच सांगणं: दव असतं म्हणूनच ती वेळ सुरक्षित आहे. आग मंद चालणं हेच आपल्याला हवं आहे. मी पट्ट्याच्या दोन्ही कडा आधी कुदळीने मातीपर्यंत खरवडून घेतो, मधलं गवत कापून आतल्या बाजूला ओढतो आणि उजाडताच सुरुवात करतो. काडी अशा कडेला लावायची की आगीला वाऱ्याच्या विरुद्ध सरकावं लागेल. थोडा तुकडा जाळायचा, पूर्ण विझवायचा, मग पुढचा. नऊच्या आत काम बंद, राहिलं तर उद्या. आंबा फवारणीचा एचटीपी पंप आणि भरलेला ड्रम शेजारी असतो, आणि पंप आदल्या संध्याकाळी चालवून पाहिलेला असतो. लागून वनहद्द असेल तर वनरक्षकाला कळवल्याशिवाय काडीला हात लावू नका. राखीव जंगलात आग लावणं हा १९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे.

खरं विचाराल तर घरांच्या अगदी लगत जाळूच नये. गवत कापून गुरांना घाला, पातेरा गोळा करून खड्ड्यात कुजवा. कष्ट जास्त आहेत, पण त्यात वाऱ्याची भीती नाही. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात त्या भाजावळीलाही हाच नियम लावा: राब (त्यासाठी पसरलेला पालापाचोळा) दुपारी पेटवायचा नाही आणि तो पेटलेला असताना जेवायला घरी जायचं नाही.

गवत कापून तिथेच टाकणे

ग्रासकटर फिरवला, फोटो काढला, झालं काम. उभं गवत आडवं झालं एवढाच फरक. वाळल्यावर ते आणखी छान पेटतं. उचललं नाही तर साफसफाई झाली असं म्हणू नका.

लांबचं जंगल साफ करणे आणि घर तसंच ठेवणे

अमेरिकेच्या वनसेवेतले संशोधक जॅक कोहेन यांनी वणव्यात घरं कशी पेटतात याचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा, की घर वाचतं की जातं हे मुख्यतः घर कसं आहे आणि त्याच्या भोवतीच्या साधारण ३० मीटरांत काय आहे यावर ठरतं. बरीच घरं समोरच्या ज्वाळांनी पेटत नाहीत, वाऱ्याबरोबर उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात. आता आपल्या घराकडे बघा. पन्हळीत आंब्याची वाळकी पानं, कौलांच्या फटीत पातेरा, पडवीत भिंतीला टेकून लाकूडफाटा, त्यावर ताडपत्री आणि गोठ्याला चिकटून पेंढ्याची उडवी. मी भिंतीपासून निदान दीड मीटर जागा मातीपर्यंत झाडून ठेवतो, आणि उडवी गोठ्यापासून लांब, मोकळ्या खळ्यात रचतो. पावसात पेंढा आणायला चार पावलं जास्त पडतात. पडू देत.

बंद घरांचं काय, हा प्रश्न प्रत्येक वाडीत आहे. मालक मुंबईला, आवारात कमरेएवढं गवत. त्यात शहरातल्या लोकांनी घेतलेले फार्महाऊसचे प्लॉट, नुसती तार मारलेली. अशा जागेची साफसफाई वाडीने सामायिक खर्चातून करावी आणि मालकाकडून पैसे मागून घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. गणपतीला ते येतात तेव्हाच बोलून संमती घ्या. आग सातबारा बघून थांबत नाही.

विजेच्या मोटरवर भिस्त ठेवणे

आग तारांखाली आली की वीज जाते किंवा मुद्दाम बंद करावी लागते. टाकी भरलेली असेल तर ठीक, नाहीतर मोटरचं बटण दाबत बसाल. पाठीवरचे १६ लिटरचे फवारणी पंप धुऊन, भरून ठेवा.

विजेच्या डीपीखालचं (रोहित्राखालचं) गवत वाडीने स्वतः साफ करावं, पण डीपीला हात न लावता, वायरमनला सांगून. मधाच्या पोळ्याला धूर देणाऱ्यांना आणि पाखाडीत (दगडी पायवाटेवर) विडी टाकणाऱ्यांना तोंडावर बोला. जाळल्याने गवत जोमाने येतं, हा समज सोडा. उघडी पडलेली माती पहिल्या पावसात ओढ्याला जाते.

आग विझवायला नायलॉनच्या टीशर्टमध्ये जाऊ नका, सुती जाड कपडे घाला. चढावर आगीच्या वरच्या बाजूला कधीही उभं राहू नका. मार्च २०१८मध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरावर वाळक्या गवताच्या उतारावर ट्रेकर आगीत अडकले, वीसहून अधिक जण गेले. आगीच्या मागून, जळलेल्या बाजूने या आणि कडांवरून आत दाबत न्या. ओला टाळा, म्हणजे पानांची हिरवी फांदी, आपटायचा नाही, आपटला की ठिणग्या उडतात. तो दाबून ओढायचा.

ज्वाळा गेल्या की घरी जाणे

वर सांगितलेल्या वाडीतली आग संध्याकाळी विझली होती. निदान सगळ्यांना तसं वाटलं. रात्रभर एक आडवा पडलेला ओंडका आतून धुमसत राहिला आणि दुसऱ्या दिवशी खारा वारा सुटताच गडग्यापलीकडचं (दगडी कुंपणापलीकडचं) गवत पेटलं. ओंडके, जुनी खोडं, शेणाचे उकिरडे, गोवऱ्यांचे ढीग यांत आग दडून बसते. मी राखेवर हाताची मागची बाजू न टेकवता, अगदी जवळून फिरवून धग बघतो, जिथे लागेल तिथे खणतो, पाणी ओततो, पुन्हा ढवळतो. रात्री पाळी लावतो आणि दुसऱ्या दिवशीची दुपार उलटेपर्यंत माणूस हलवत नाही.

निरोप येईल म्हणून थांबणे

भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगीच्या सूचना मोबाईलवर पाठवतं. नोंदणी जरूर करा. पण ज्या उपग्रहांवरून त्या येतात ते ठरावीक वेळांनाच डोक्यावरून जातात, अधल्यामधल्या वेळात पेटलेली आग त्यांना उशिरा दिसते. सड्यावर धूर दिसला की आधी वन विभागाच्या १९२६ वर फोन करा, मग वाडीच्या ग्रुपवर टाका. फोनवर गाव, वाडी, जवळचं देऊळ किंवा पाणवठा आणि वारा कुठून कुठे आहे एवढं सांगा. तोवर घरातल्या एकाने गोठ्यात जाऊन गुरांची दावी सोडावी, आणि गाठ सुटेना तर कापावी. त्यासाठी कोयता गोठ्याच्या दारातच अडकवलेला असू द्या.