जुनी खोली घरच्या घरी नवी करताय? या चुका टाळा

घरातल्या सगळ्यांनी मिळून जुनी खोली नवी करायची, हा बेत हल्ली आमच्या नात्यात दर वर्षी कुठे ना कुठे शिजतो. बेत चांगलाच आहे. फसतो तो बहुतेक एकाच कारणाने: रंगाच्या शेडवरून आठवडाभर भांडण होतं, पण भिंतीकडे कोणी नीट पाहिलेलं नसतं.

ओल झाकून टाकणे

दसऱ्याला सुरुवात आणि दिवाळीच्या आत खोली तयार, हे गणितच मुळात चुकीचं. चार महिने पाऊस खाल्लेली बाहेरची भिंत ऑक्टोबरात वरून कोरडी दिसते, आतून ओलीच असते.

माझ्या मावसबहिणीकडे, बदलापूरला, एका भिंतीला खालपासून दोन-अडीच फूट पोपडे आले होते, वर पांढरा लोणा. मी म्हटलं, आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. भाऊजींना धीर कुठला! मोबाइलवर व्हिडिओ पाहून त्यांनी पीव्हीसी पॅनेल आणली, मुलांनी हौसेने स्क्रू पिळले, एका रविवारात भिंत चकाचक. फोटो लगेच ग्रुपवर.

पुढच्या पावसाळ्यात खोलीला कुबट वास यायला लागला. उंदीर मेला असेल म्हणून कपाटं हलवून झाली, धूप घालून झाला. शेवटी पॅनेल उचकटली तर मागे काळी बुरशी, आणि आधाराला ठोकलेल्या लाकडी पट्ट्या वाळवीने पोखरलेल्या. बाहेरून गच्चीच्या पाण्याचा पाइप येतो तो तळाशी फुटला होता आणि सगळं पाणी भिंतीत मुरत होतं. पाइपाचा तुकडा बदलला असता तर पॅनेलचा पैसाही वाचला असता आणि भांडणही.

संशय असेल तिथे मी प्लॅस्टिकचा फूटभर चौकोन चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर पक्का बसवते आणि दोन दिवस हात लावत नाही. प्लॅस्टिकच्या आत, भिंतीकडे थेंब जमले तर ओल भिंतीतली. खोलीच्या बाजूने दमट झालं तर हवेतली. तिला खिडकी उघडी ठेवणं पुरतं. भिंतीतली ओल असेल तर बाहेरची दुरुस्ती एप्रिल-मेमध्ये करायची आणि रंग पुढच्या जानेवारीत. दिवाळी हुकते. हुकू द्या. वॉटरप्रूफ लिहिलेला डबा आतून फासला की झालं, असं सांगणारे तुमच्याकडे परत यायचे नाहीत.

मुलांच्या हाती पॉलिश पेपर देणे

याचा मला सगळ्यांत राग येतो. ‘त्यांनाही काहीतरी काम हवं ना’ म्हणून लहान मुलांना जुनी दारं-चौकटी घासायला बसवतात. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः भडक पिवळ्या-लाल-हिरव्या रंगात, शिसं असू शकतं. कोरडं घासलं की ती धूळ नाकातोंडात जाते, आणि शिशाचा मारा सगळ्यांत जास्त लहान मुलांच्या मेंदूवर होतो.

मुलं आणि गरोदर बाई असेल तर ती त्या दिवशी दुसऱ्या घरी. घासणाऱ्याला एन-९५ मास्क, पाण्यावर चालणारा पॉलिश पेपर, लाकूड ओलं ठेवून घासायचं आणि नंतर ओल्या फडक्याने पुसायचं. झाडू अजिबात नाही. मुलांना पुढे रोलर द्या की, तिथे खुशाल रंगू देत.

बाकीच्या

चुन्यावर किंवा जुन्या डिस्टेंपरवर थेट इमल्शन मारू नका. ओला हात फिरवा. भुकटी हाताला आली तर खरवडणं आलंच.

वायरिंग पुट्टीच्या आधी. पुट्टी झाल्यावर ‘इथे एक पॉइंट हवा होता’ आठवणारा माणूस प्रत्येक घरात असतो, त्याला आधीच भिंतीसमोर उभा करा. आणि हे काम घरच्या हौशी हातांचं नाही, इलेक्ट्रिशियनचंच.

स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल मारू नका, वायर बहुधा तिथूनच जाते.

मास्किंग टेप रंग पुरता वाळायच्या आत काढा, नाहीतर कडेचा रंग सोबत येतो.

भिंत पाडून खोली मोठी करायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर. इथे माझं किंवा भाऊजींचं मत चालत नाही.

जुन्या मोझॅक फरशीवर नव्या टाइल्स चढवण्याची घाईही नको. फरशी वर येते, दारं अडकतात, मग दारं खालून कापायची. मोझॅक मशीनने पॉलिश करून घ्या. पाच-सहा दशकांची फरशीही छान उजळते. फक्त भिंतीचा शेवटचा हात पॉलिशनंतरसाठी ठेवा, कारण मशीनखालचा करडा चिखल भिंतीवर उडतोच.