काचेच्या दर्शनी भागाचे कॅबिनेट बदलताना

इंदिरानगरच्या घरी मी स्वतः जोडलेला संगणक एप्रिलच्या दुपारी गेम सुरू करताच घरघरू लागे आणि पडद्यावरची चित्रे तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचे तापमान ८६ अंशांवर जाई. थर्मल पेस्ट (चिपची उष्णता तिच्या कूलरकडे नेणारा लेप) बदलली, पंख्यांचा वेग वाढवला, उपयोग शून्य. अखेर कॅबिनेटचे, म्हणजे संगणकाच्या बाहेरच्या पेटीचे, बाजूचे झाकण काढून तोच गेम चालवला, तेव्हा तापमान ७४ अंशांवर स्थिरावले आणि दोष कार्डाचा नसून, केवळ रंगीत दिव्यांना भुलून घेतलेल्या, समोरून काचेने बंद असलेल्या कॅबिनेटचा आहे, हे उघड झाले.

नवे कॅबिनेट निवडताना समोर जाळी हवी, हे ठरलेच होते. खरी अडचण मापांची होती. दुकानदाराने दाखवलेल्या पहिल्या कॅबिनेटमध्ये ३२५ मिमी लांबीचे कार्ड मावेल असे लिहिले होते, परंतु ते माप समोरचा पंखा न धरता दिलेले असल्यामुळे २५ मिमी जाडीचा पंखा बसवल्यावर ३०० मिमीच उरत होते आणि माझे कार्ड ३०४ मिमीचे आहे. प्रोसेसरचा (मुख्य चिपचा) १५८ मिमी उंच कूलर आत मावतो का, हे पाहण्यासाठीही मी टेप घेऊनच गेलो होतो. (दुकानदार हसला, पण मापे त्यानेही पुन्हा तपासली.)

शेवटी घेतलेल्या कॅबिनेटमध्ये समोरून हवा आत घेणारे १२० मिमीचे दोन पंखे आणि मागे बाहेर फेकणारा एक आहे. झाकण लावूनही तापमान आता ७५ अंशांच्या आसपास राहते. जाळीतून धूळ मात्र येते, म्हणून समोरचा फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवावा लागतो.