मिनी दाल मिल काढताय? सीसीची मर्यादा नव्हे, डीपी बघा

तुरीचा भाव दिल्लीच्या अधिसूचनेवर हलतो, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. जून २०२४ मध्ये तूर-हरभऱ्यावर साठामर्यादा आली. जानेवारी २०२५ मध्ये, नवी तूर बाजारात उतरत असतानाच, शुल्कमुक्त आयातीची मुदत मार्च २०२६ पर्यंत वाढली. अशात भाव पडला की तोटा दिसायच्या आधी डीपी आवळते.

सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, खेळत्या भांडवलासाठीचं बँकेचं कर्जखातं. डीपी, म्हणजे ड्रॉइंग पॉवर, ही त्या महिन्यात सीसीतून खरोखर उचलता येणारी रक्कम. मंजुरीपत्रावरचा आकडा विसरा, हिशेब मांडा. १०,००० भावाची २०० क्विंटल तूर, २० लाख. अडत्याचं देणं ४ लाख वजा. उरलेल्या १६ लाखांवर २५ टक्के मार्जिन, म्हणजे तुम्ही स्वतः घालायचा हिस्सा, कापलं की १२ लाख. गिऱ्हाइकांकडची ९० दिवसांच्या आतली उधारी (त्याहून जुनी इथे धरत नाहीत) ६ लाख, तिच्यावर ४० टक्के मार्जिन, म्हणून ३.६० लाख. डीपी १५.६० लाख.

आता भाव ७,५००. माल १५ लाखांचा झाला, अडत्याचे ४ लाख मात्र तेवढेच! ११ लाखांचे मिळतात ८.२५. मंदीत गिऱ्हाईक पैसे लांबवतं. २ लाखांची उधारी ९० दिवसांपलीकडे गेली की तिकडून २.४०. डीपी १०.६५ लाख. भाव चौथाईनं पडला, उचल जवळपास तिसऱ्या हिश्श्यानं. खात्यातून १५ लाख काढलेले असतील, तर ४.३५ लाख भरायचे कुठून? सलग ९० दिवस उचल डीपीच्या वर राहिली की खातं एनपीए, म्हणजे थकीत.

डीपी ठरते ती बँकेला दिलेल्या मालाच्या हिशेबावर, म्हणजे स्टॉक स्टेटमेंटवर. ‘स्टॉक स्टेटमेंटात जुनाच भाव टाका’ म्हणणारे सल्लागार ढिगानं मिळतील. त्यांना चहा पाजून वाटेला लावा. बँक खरेदी आणि बाजारभाव यांतला कमी धरते, गोदामात येऊन पोतीही मोजते.

घाबरायचं मात्र कारण नाही. डीपीच्या ७० टक्क्यांवर हात आखडा. कास्तकाराला रोख द्यावी लागते, म्हणून हंगामाची तूर एकदम भरू नका. डाळ विकली जाईल तशी तीन-चार खेपांत घ्या. आयातीची मुदत संपत आली असेल तर पंधरा दिवसांच्या दळणापुरतीच. सीसीतून गाडी किंवा प्लॉट तर अजिबात नको.

बिलावर उद्यम क्रमांक, म्हणजे छोट्या उद्योगाचा सरकारी नोंदणी क्रमांक, छापा. मग डाळ घेणाऱ्याला लेखी करार नसेल तर १५, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत तुमचे पैसे द्यावे लागतात. उशीर केला तर ठोक व्यापाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच आयकरात धरता येतो. अंदाजे उत्पन्नावर कर भरणाऱ्या छोट्या किराणावाल्याला याचा धाक नसतो, त्याची उधारी कमीच ठेवा.

वखार महामंडळात तूर ठेवून पावतीवर कर्ज घेतलंत, तर ती पोती त्याच दिवशी सीसीच्या स्टेटमेंटातून काढा.